हुकूम आपला, जीव त्याचा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये एखाद्या पात्राच्या सोबतीचं जनावर मेलं तर पुढं काय करायचं? ऐकणाऱ्याला प्रश्न किरकोळ वाटेल. कोल्हापुरात हा खेळ खेळणारे जे गट मला माहीत आहेत, म्हणजे कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या दुकानामागच्या खोलीत, राजारामपुरीत एखाद्या कॅफेचा कोपरा धरून बसणारे, त्यांच्यात मी पाहिलेलं सगळ्यात कडाक्याचं भांडण एका कुत्र्यावरून झालं. लुटीच्या वाटणीवरून पोरं तासभर ओरडतात आणि मग मिसळ खायला एकत्र जातात. या कुत्र्यावरून मात्र दोन जिवाभावाचे मित्र कित्येक महिने एका टेबलावर बसले नाहीत.

झालं होतं असं. कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी एक लांब गोष्ट, बरेच महिने चाललेलं. एकाचा शिकारी रेंजर आणि त्याचा कुत्रा मोत्या. सगळी पार्टी, म्हणजे सगळ्यांची पात्रं, एका धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर झोपलेली, कुत्रा खाली तबेल्यात बांधलेला. सकाळ झाली तेव्हा डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, सांगितलं की रात्री दरोडेखोर येऊन गेले आणि तबेल्याच्या दारात मोत्या मरून पडलाय. खेळाडूनं आधी विचारलं, "भुंकला नाही?" आणि मग विचारलं, "फासा कधी टाकलास?" डीएम म्हणाला, टाकला नाही. गोष्टीला धार यावी म्हणून मारला, आता तुम्ही दरोडेखोरांच्या मागं जाल. खेळाडूनं आपला कागद घडी करून खिशात घातला आणि तो घरी गेला. मागं उरलेल्यांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, खेळच आहे, जनावरच आहे, एवढं काय. दुसऱ्याचं म्हणणं, इथून पुढं आपल्या टेबलावर जनावर मरणारच नाही असा नियम करा.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. खेळातलं जनावर मरू शकतं आणि मरू द्यावं. पण त्याच्या मरणाचा हिशेब पात्राच्या मरणापेक्षा कडक ठेवायला हवा. पात्र गुहेत शिरतं ते त्याच्या खेळाडूनं "मी आत जातो" असं तोंडानं म्हटल्यावर. जनावर आत जातं ते आपण नेतो म्हणून. त्याला कुणी विचारलेलं नसतं. एवढ्या एका फरकातून बाकी सगळं निघतं, असं मी मानतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसतात. एक जण जग चालवतो आणि गोष्ट पुढं नेतो, तो डीएम. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात, काय करायचं ते बोलून सांगतात, आणि जिथं निकाल अनिश्चित तिथं वीस बाजूंचा फासा टाकतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तिथून हा प्रकार जगभर गेला. जनावर सोबत ठेवणारी पात्रं यात लोकप्रिय आहेत. रेंजर म्हणजे रानावनात वावरणारा शिकारी-वाटाड्या, आणि त्याचा 'बीस्ट मास्टर' हा प्रकार घेतला की एक जनावर कायम त्याच्या जोडीला असतं.

आता पुस्तक या जनावराकडं कसं बघतं ते पाहू. या खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकात, 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये, विकत मिळणारी जनावरं साहित्याच्या प्रकरणात आहेत, दोर, कंदील, ढाल यांच्याबरोबर. खेचर ८ सोन्याची नाणी, मॅस्टिफ जातीचा कुत्रा २५, स्वारीचा घोडा ७५, हत्ती २००, लढाईचा घोडा ४००. अंगभर पोलादी चिलखत १५००. मरून मिनिट व्हायच्या आत जीव परत आणणारा 'रिव्हिव्हिफाय' हा मंत्र ३०० नाण्यांचा हिरा खातो. म्हणजे एक कुत्रा उठवायच्या पैशात बारा नवे कुत्रे येतात. हिशेबी खेळाडूनं काय करावं हे किमतीच सांगतात. तरीही कुत्र्यासाठी हिरा फोडणारे खेळाडू मी पाहिलेत, आणि त्यांच्या पार्टीतल्या कुणीही त्यांना वेड्यात काढलं नाही. टेबलावरचा माणूस पुस्तकापेक्षा वेगळा हिशेब करतो, याचा मला हा पहिला पुरावा वाटतो.

बीस्ट मास्टरचं जनावर विकत घेतलेलं नसतं, त्याच्याशी जादूनं नातं जुळलेलं असतं. पण २०१४ च्या नियमात ते मेलं तर आठ तास देऊन दुसऱ्या एखाद्या जनावराशी तेच नातं जोडता येतं. त्या जनावराचं आपल्याशी वैर नसावं, एवढीच अट. 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत मोकळ्या वेळातला एक आठवडा दिला की विनाखर्च नवं जनावर. हे नियम लिहिणारे निर्दयी होते असं मी म्हणत नाही. खेळाडूची अर्धी ताकद त्या जनावरात असते, ती लवकर परत मिळावी ही त्यांची रास्त काळजी. पण परिणाम असा होतो की दुपारी लांडगा मेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा लांडगा, बहुतेक त्याच नावाचा.

आणि ही जनावरं मरतातही पटकन. तिसऱ्या पातळीवरच्या रेंजरच्या लांडग्याला २०१४ च्या नियमांनुसार १२ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, असते. त्या पातळीवरच्या पार्टीसमोर ओगर हा दांडगा राक्षस येणं ही रोजची गोष्ट, आणि ओगरच्या सोट्याच्या एका घावाची सरासरी १३. एक घाव बसला की लांडगा संपला. पात्र शून्यावर आलं तर ते बेशुद्ध पडतं आणि दर पाळीला मरणाचा फासा टाकतं: दहा किंवा वर आला तर यश, खाली आला तर अपयश, तीन अपयशं झाली की मृत्यू. राक्षस आणि जनावरं यांना मात्र बहुतेक डीएम शून्यावर आल्याबरोबर मेलेली धरतात. म्हणजे ज्याची निवड सगळ्यात कमी, त्यालाच सगळ्यात कमी संधी.

२०२० मध्ये 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकानं हे बदललं. तिथल्या जमिनीवरच्या जनावराला तिसऱ्या पातळीवर २० हिट पॉइंट मिळतात, आणि ते मेलं तर तासाभराच्या आत रेंजरनं त्याला हात लावून एक स्पेल स्लॉट, म्हणजे आपल्या मोजक्या मंत्रांतली एक संधी, खर्चायचा, मिनिटभरात ते पूर्ण बरं होऊन उठतं. २०२४ च्या नव्या हँडबुकातही ही सोय कायम आहे. अडचण सुटली, हे मान्य. पण आता मरणाला वजनच उरलं नाही. आत्ता ओगरनं चिरडलेली लांडगी दोन मिनिटांत शेपूट हलवत उभी, आणि पार्टीतल्या कुणालाही तिच्याकडं वळून बघायची गरज वाटत नाही.

त्याच २०२० च्या नियमात एक तरतूद आहे, तिच्याकडं लोकांचं लक्ष जात नाही. लढाईत हे जनावर आपल्या मनानं हालचाल करू शकतं, पण कृती म्हणून ते एकच गोष्ट करतं: वार चुकवतं. हल्ला करायचा असेल तर रेंजरला आपल्या पाळीतली बोनस ॲक्शन, म्हणजे जादाची छोटी कृती, किंवा स्वतःचा एक हल्ला खर्चून हुकूम द्यावा लागतो. रेंजर स्वतः हतबल होऊन पडला तरच जनावर आपल्या मनानं हवी ती कृती करू शकतं. म्हणजे खेळाच्या नियमांनीच सांगून टाकलंय की मोकळं सोडलं तर हा प्राणी फक्त जीव वाचवेल. त्याचा जवळपास प्रत्येक चावा, प्रत्येक झेप आपल्या हुकमाची आहे. मग तो मेला तर त्या मरणात आपला हात आहे, ओगरचा जितका आहे तितकाच.

म्हणून मला सगळ्यात जास्त चीड येते ती सापळा तपासायला जनावर पुढं सोडण्याच्या सवयीची. हे जवळपास प्रत्येक टेबलावर कधी ना कधी होतं. एका संध्याकाळचं सांगतो. जमिनीखालचा बोळ, फरशीवरच्या काही लाद्या थोड्या उचललेल्या, भिंतीत भोकं. पार्टीत एका मुलीची रेंजर होती आणि तिची लांडगी चांदी. ही मुलगी गंगावेशीकडची, घरी म्हशी. दुसरा एक खेळाडू सहज म्हणाला, "चांदीला सोड की पुढं. कळंल कुठली लादी दबतीया." तिनं मान हलवली. तो म्हणाला, "अगं, जनावरच हाय. मेलं तर आठ तासांत दुसरं." ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात म्हशीला आधी पाणी दावत्यात, मग माणसांचा चहा. मी जातो पुढं."

आणि तिची रेंजर खरंच पुढं गेली, हातात दहा फुटी काठी घेऊन एकेक लादी दाबत. या काठीची हँडबुकातली किंमत पाच तांब्याची नाणी आहे. सापळा तपासायचं हत्यार पाच तांब्यात मिळत असताना त्यासाठी जीव वापरणं ही हुशारी कशी, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. दोन बाण लागले तिला. पण त्या संध्याकाळनंतर त्या टेबलावर चांदीबद्दल बोलायची पद्धत बदलली, हे मी बसल्या जागी पाहिलं.

इथं डीएमचंही एक काम आहे, ते फार थोडे करतात. जनावराला त्यांनी अंग द्यायला हवं. नुसतं "हो, लांडगी पुढं गेली" म्हणायचं नाही. तिचे कान मागं गेलेत, ती लादी हुंगून मागं सरकतेय, मालकिणीकडं बघतेय, हे सांगायचं. मग हुकूम द्यायचा की नाही ते खेळाडूनं ठरवावं. दिला तर तो डोळे उघडे ठेवून दिलेला असेल. जनावराच्या बाबतीत आधी इशारा देणं हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो, कारण त्याला स्वतःला "नको" म्हणता येत नाही, आणि टेबलावर त्याच्या वतीनं "नको" म्हणू शकणारा डीएमशिवाय कुणी नाही.

याच कारणानं तबेल्यातला मोत्या मला अजून खुपतो. डीएमनं एखाद्या पात्राला झोपेत, फाशाशिवाय, खेळाडूला काही करायची संधी न देता मारलं असतं तर त्याला टेबलावरून उठवलं असतं. कुत्र्याला मारलं तेव्हा निम्मे लोक त्याच्या बाजूनं बोलले. गोष्टीला धार यावी म्हणून जनावर मारायची युक्ती फार जुनी आहे, आणि ती चालते याचं कारण एवढंच की ऐकणाऱ्याला जनावराची माया असते. त्या मायेचा वापर करायचा आणि वर "जनावरच आहे" म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडानं बोलता येत नाहीत. माया खरी असेल तर मरणही खऱ्या रीतीनं, फाशानं आणि समोरासमोर आलं पाहिजे. डीएमला दरोडेखोर हवे होते तर ते रात्री येऊ देत. मोत्या भुंकू दे. वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना ते भुंकणं ऐकू येतं का याचा फासा टाकू दे. एवढं झाल्यावर मोत्या मेला असता तर त्याच्या मालकाला दुःख झालं असतं, पण फसवलं गेल्याची भावना आली नसती.

आता दुसऱ्या तटाकडं. जनावर मरणारच नाही असा नियम करणारे लोक मायाळू असतात, त्यांच्याशी भांडताना जीभ जड होते. पण असा नियम केला की सोबत संपते. ज्याला काही होऊच शकत नाही त्याची राखण करता येत नाही. ती मुलगी काठी घेऊन पुढं गेली, ती चांदी मरू शकत होती म्हणूनच. मरण काढून घेतलं की काठीची गरज संपली, आणि लांडगी पुन्हा साहित्याच्या प्रकरणात जाऊन बसली, फक्त न तुटणारं साहित्य म्हणून. जादूगाराच्या 'फाइंड फॅमिलियर' मंत्रानं येणाऱ्या घुबडाची किंवा मांजराची गोष्ट वेगळी आहे. तो जनावराच्या रूपातला आत्मा असतो, शून्यावर आला की नाहीसा होतो, आणि १० नाण्यांचा कोळसा, ऊद आणि वनस्पती जाळून परत बोलावता येतो. तिथं मरणच नाही, तेव्हा प्रश्नही नाही. पण रक्तामांसाच्या लांडगीला घुबडाचा नियम लावू नये.

आपल्याकडच्या गोष्टींनी हा प्रश्न कधीच हलका मानला नव्हता. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी पडते, चारही भाऊ पडतात, युधिष्ठिर मागं वळत नाही. पण स्वर्गाचा रथ समोर आल्यावर सोबतच्या कुत्र्याला सोडून यायला तो नकार देतो. रामायणात जटायू रावणाशी झुंजून पडतो. सीतेला कुणी नेलं हे कळलेलं आहे, एकेक घटका मोलाची आहे, तरीही राम थांबतो आणि त्या गिधाडाचा अंत्यविधी स्वतः करतो. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आजही आहे, लोक तिथं हात जोडतात. खेळाचं पुस्तक परदेशी असलं तरी टेबलावर बसलेली माणसं या गोष्टी ऐकत वाढलेली आहेत.

आणि आपलं गाव तर जनावरांचं गाव आहे. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. दिवाळीत त्याच म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवतात. बेंदराला बैलाला पुरणपोळी आधी. शर्यतीचा नावाजलेला बैल गेला की चौकात श्रद्धांजलीचा फलक लावणारी, त्याचं दहावं घालणारी गावं या पट्ट्यात आहेत. जुलै २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातला हलवली, तेव्हा हा जिल्हा रस्त्यावर आला. नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत लोक चालत आले. कायद्याच्या अंगानं कोण बरोबर, हत्तिणीच्या तब्येतीसाठी काय योग्य, यावर माणसं भांडली आणि तो वाद इथं सोडवायचं कारण नाही. मला आठवतात ते तिच्या निरोपाच्या वेळचे चेहरे. मिशीवाले, तालमीत वाढलेले बाप्ये सगळ्यांदेखत रडत होते आणि कुणी त्यांना हसलं नाही. त्याच जिल्ह्यातली पोरं टेबलावर बसली की "जनावरच हाय" म्हणतात, ते मला त्यांचं स्वतःचं बोलणं वाटत नाही. खेळाडूनं कोरडं असावं, रडका नसावं, असा एक समज खेळाबरोबर आला आणि आपण तो तपासून न बघता घेतला.

मग मरण आलं तर काय करावं? मी जे चांगलं झालेलं पाहिलंय ते सांगतो. ती चांदी पुढं मेलीच. ओगरनं पार्टीतल्या एका मांत्रिकाला खाली पाडलं होतं, पुढचा घाव त्याच्यावर येणार होता. रेंजरनं चांदीला हुकूम दिला. देताना ती मुलगी बराच वेळ गप्प होती, आणि डीएमनं तिला घाई केली नाही. लांडगीनं झेप घेतली, ओगर वळला, सोटा बसला. डीएमनं चांदीला मरणाचे फासे दिले, पात्राला देतात तसे, आणि ते टाकायला मुलीच्याच हातात दिले. पहिला सात. कुणीतरी बरं करायला धावलं, मध्ये ओगर होता. दुसरा फासा सोळा आला, तिसरा चार, चौथा नऊ.

लढाई संपल्यावर डीएमनं पुस्तक मिटलं आणि लूट मोजायला सुरुवात करणाऱ्याला हातानं थांबवलं. रेंजरला विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, उचलते. मग एकेकाला विचारलं. वाचलेल्या मांत्रिकानं आपला झगा काढून दिला. एकानं खड्डा खणला. एक जण फोन आला म्हणून उठून बाहेर गेला, आणि त्यातही काही वावगं नव्हतं, प्रत्येकानं हळहळ दाखवलीच पाहिजे अशी सक्ती केली की ते नाटक होतं. कुणी भाषण केलं नाही. चहा आला. त्या रात्री पुढं खेळले नाहीत.

यात तीन-चार गोष्टी अशा आहेत ज्या कुठल्याही टेबलाला जमतील. मरणाचे फासे द्या. ते जनावराच्या माणसाच्या हातून टाकू द्या. शेवटचा क्षण कसा होता ते डीएमनं रंगवून सांगण्यापेक्षा त्या खेळाडूला सांगू द्या. काहींना सविस्तर सांगायचं असतं, काहींना एक वाक्यही जड जातं, दोन्ही ठीक. आणि मातीचं काम झाल्याशिवाय लूट मोजू नका.

पण खरी अडचण पुढच्या आठवड्यात येते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बीस्ट मास्टरची ताकद जनावरात आहे. जनावर नसलेला बीस्ट मास्टर पार्टीत अर्धा माणूस होतो. त्यामुळं खेळाडूला दुःख करायची मुभाच उरत नाही. मन म्हणतं थांब, कागदावरचे आकडे म्हणतात उद्या सकाळी नवा लांडगा धर. पुस्तकातले आठ तास म्हणजे त्याच्यासाठी सक्ती होऊन बसते. हे डीएमनंच सोडवायला हवं, आणि ते सोपं आहे. २०१४ च्या हँडबुकात रेंजरचा दुसरा प्रकार आहे, हंटर. त्याची 'कोलोसस स्लेयर' ही कला, म्हणजे आधीच जखमी झालेल्या शत्रूवर पाळीत एकदा आठ बाजूंच्या फाशाचा जादा मार, ही या रेंजरला उसनी द्या. नवं जनावर येईपर्यंत. कारणही गोष्टीतच सापडतं: एकटा पडलेला शिकारी आता स्वतःच जखमी सावज हेरायला शिकतोय. ताकदीची भरपाई झाली की घाई संपते. मग नवं जनावर गोष्टीतून येऊ द्या, वाटेवर कुठंतरी जखमी सापडलेलं, किंवा मागं मागं येणारं. शक्यतो वेगळ्या जातीचं. नाव नवं.

एक मुद्दा लहान मुलांचा. सुट्टीत दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन हा खेळ चालवणारे आता आपल्याकडंही आहेत, आणि पालक विचारतात की असलं काही दाखवावं का. मोठ्यांच्या टेबलावर मी मरण ठेवायच्या बाजूचा आहे. मुलांच्या टेबलावर सुरुवातीला २०२० चा नियम वापरावा, जनावर उठून उभं राहू द्यावं. पण कायमचं लपवू नये. शेतात वाढलेल्या पोरानं गोठ्यातलं वासरू गेलेलं पाहिलेलं असतं, त्याला काही वेळा त्याबद्दल बोलायचंच असतं आणि खेळ त्याला जागा देतो. कुठल्या मुलाला काय झेपेल हे वयावरून ठरत नाही. विचारावं लागतं.

विचारणं मोठ्यांनाही लागतं. कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी जी बैठक होते, जिला सगळे सेशन झिरो म्हणतात, तिथं रक्तपात किती, प्रेमप्रकरणं किती यावर बोलणं होतं. जनावरांबद्दल कुणी विचारत नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात एखाद्याच्या घरचा तेरा वर्षांचा कुत्रा गेलेला असतो. तो तोंडानं सांगणार नाही, आपल्याकडची पोरं सांगत नाहीत. जॉन स्टावरोपोलोस यांनी मांडलेलं एक्स कार्ड यासाठी टेबलावर ठेवावं: फुली काढलेला एक साधा कागद, ज्याला नको त्यानं त्यावर बोट ठेवायचं, तो भाग तिथंच वगळायचा, कारण विचारायचं नाही. एकदा मी ते कार्ड लांडग्यांच्या हल्ल्याच्या वेळी वापरलेलं पाहिलंय. डीएमनं लांडग्यांच्या जागी गॉब्लिन हे बुटके राक्षस आणले आणि खेळ अर्ध्या मिनिटात पुढं सरकला.

एक आक्षेप नेहमी येतो: एका खेळाडूच्या लांडगीसाठी चौघांची संध्याकाळ का थांबवायची? चौघांना वेळ काढून यायला लागतं, कुणी इचलकरंजीहून गाडी मारत येतो, तो काय खड्डा खणायला येतो का? त्याच्या वेळेची कदर मलाही आहे. पण पार्टीतला योद्धा मेला तर हेच चौघे नवीन पात्राचा कागद भरताना तासभर बसतात, त्याच्या जुन्या पराक्रमांच्या गप्पा मारतात, आणि तो वेळ कुणाला वाया गेल्यासारखा वाटत नाही. चांदीनं ज्या मांत्रिकाला वाचवलं तो याच चौघांतल्या एकाचा होता. तिचा खड्डा त्यांच्याही गोष्टीतला आहे.

आणि एखाद्या खेळाडूला दुसरं जनावर नकोच असेल, तर त्याला तोच रेंजर, त्याच पातळीवर, हंटर करून पुढं खेळू द्यावा, काहीही न गमावता. आठ तासांत नवं जनावर जोडता येतं, इतकंच तो नियम सांगतो. जोडलंच पाहिजे अशी अट त्यात कुठंही नाही.